डावीकडचे सरडे

सरडे मोजायला काय अक्कल लागते, असं आमच्या गावात ज्याला त्याला वाटतं. एकदा मोजून बघा म्हणावं. वैशाखात सकाळी नऊ वाजता तापल्या वाळूत दोनशे पावलं चालायचं, एका पावलाला एक श्वास घ्यायचा, बोलायचं न्हाय, खोकायचं न्हाय, पदर हलू द्यायचा न्हाय. विसाव्या पावलाला वाळू आपोआप हलायला लागते आणि जिथं तिथं सरडा दिसतो. खरा कुठला आणि उन्हाचा कुठला, हे ओळखायला मला दीड वर्ष लागलं.

म्या जगदेवी. अंगणवाडीत तीस वर्षं काढली. रिटायर झाले तवा गावानं शाल दिली, नारळ दिला, आणि दुसऱ्या दिवसापासनं माझ्याशी बोलायला कुणाला कारण उरलं न्हाय. पोरगी महेश्वरी हैदराबादेला दिलीय. आठवड्यातनं एकदा तिचा फोन येतो. बोलताना तिचं अर्धं ध्यान कुकरच्या शिट्टीकडं असतं, पण म्या तिला दोष देत न्हाय, त्या वयात माझंबी तसंच होतं.

आमचं गाव उमरग्याच्या खालच्या अंगाला, कर्नाटकाच्या शिवेवर. घरात कानडी, दारात मराठी, असा इथला रिवाज. गावाखाली नदी वळते, त्या वळणात वाळूचा एक पट्टा हाय. त्याला आमी वाळवंट म्हणतो. आजा-पणजा म्हणत आले, म्हणून आमीबी म्हणतो. ह्या एका शब्दापायी सगळं झालं.

चार वर्षांमागं मालकांच्या फोनवर एक मेसेज आला. मालक म्हंजे आमचे हे, सिद्धाराम. पुण्याची कुठली तरी संस्था वाळवंटातल्या सरड्यांची पाहणी करतीय, आपल्या भागात वाळवंट असल्यास कळवावे, असा तो मेसेज होता. कुणी कुणाला पाठवला आणि फिरत फिरत आमच्यापर्यंत कसा आला, देव जाणे. मालक तसे मुकाट माणूस. दिवसात दहा शब्द बोलले तर त्यातले चार म्हशीशी. पण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन फोन लावला.

"आमच्याकडं वाळवंट हाय. सरडेबी हायेत. कधी येताव?"

पलीकडनं पोरगा म्हणाला, "काका, कुठून बोलताय?"

"उमरगा तालुका, धाराशिव जिल्हा."

"धाराशिवमध्ये वाळवंट?"

"व्हय. नदीच्या वळणाला. खोटं वाटत असंल तर येऊन बघा."

तो पोरगा म्हंजे दिग्विजय. महिन्याभरानं तो खरंच आला. वाळूचा पट्टा बघितला आणि खो खो हसला. त्याला राजस्थानासारखं वाळवंट पायजे होतं, आणि इथं नदीकाठची दोनशे पावलांची वाळू. मालकांचा चेहरा एवढासा झाला. मला असा राग आला, की ह्याला चहासुद्धा द्यायचा न्हाय असं म्या मनात ठरवलं. तेवढ्यात तो हसायचा थांबला आणि पोटावर वाळूत झोपला. समोर एक सरडा मान वर करून गळ्याची पिशवी फुगवत होता, पांढरी, मधनं निळी रेघ. चैत्र-वैशाखात नर तसंच करतात. दिग्विजय अर्धा तास हालला न्हाय. उठला तवा म्हणाला, "काका, तुमचं वाळवंट आम्ही घेतलं." मग म्या चहा दिला.

त्यानं आमाला शिकवलं ते असं. वाळूच्या मधोमध एक दोरी सरळ बांधायची. दोघांनी दोरीच्या दोन बाजूंनी शेजारी शेजारी चालायचं. एकानं डावीकडचे सरडे मोजायचे, दुसऱ्यानं उजवीकडचे. दुसऱ्याच्या बाजूला मान वळवायची न्हाय. सरडा एकदाच दिसतो, मग मागच्या दोन पायांवर उभा राहून असा पळतो की पुन्हा त्याची गाठ न्हाय, म्हणून दोन्हीकडं एकाच येळी डोळे पायजेत. दर सोमवारी एक फेरी. मग कागद भरायचा. डावीकडं किती, उजवीकडं किती, पहिल्या निरीक्षकाची सही, दुसऱ्या निरीक्षकाची सही. कागदाच्या तळाला छापलेलं, 'कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.'

"आणि काकू," दिग्विजय म्हणाला, "एकही सरडा दिसला नाही, तर शून्य लिहायचं. रिकामं सोडायचं नाही. रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, नीट बघितलं, आणि तिथं काही नव्हतं. आम्हाला दोन्हीतला फरक कळायला हवा."

हे मला सांगायची काय गरज? तीस वर्षं म्या रजिस्टरं भरली. दुसऱ्या गावच्या बाया घरी बसून लेकरांची वजनं टाकायच्या, म्या एकेकाला काट्यावर बसवून वजन घेतलं. मुकादमाचं लेकरू असो का सरपंचाचं, कमी भरलं तर कमीच लिहिलं. त्यापायी दोनदा भांडणं झाली, एकदा बदली होता होता राहिली. म्हणून कागदाचा उपदेश मला कुणी करू नये.

डावी बाजू मालकांनी घेतली, उजवी म्या. दर सोमवारी महादेवाला पाणी घालून आमी वाळवंटात जायचो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण दोघं मिळून एक काम करायची ही पहिलीच येळ. फेरी संपली की करंजाच्या सावलीत बसून कागद भरायचा. डावीकडं नेहमी जास्त निघायचे. नऊ, दहा, एकदा तेरा. माझ्याकडं पाच-सहा.

"तुमच्याकडंच जास्त कसे काय?" म्या चिडून विचारायची.

मालक सही करता करता म्हणायचे, "तुझ्या तोंडाला भिऊन इकडं येतात."

त्यांची सहीबी इरसाल. 'सि' एवढा मोठा काढायचे की बाकीच्या अक्षरांना जागाच उरायची न्हाय, ती बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसायची. मग फोनवर कागदाचा फोटो काढून पाठवायचा. संध्याकाळी पुण्यासनं उत्तर यायचं, 'मिळालं. काका-काकूंना नमस्कार.' ते मालक मला वाचून दाखवायचे.

शेजारची रुद्रम्मा लई हसायची. तिच्या गुडघ्यांनी दावा मांडलाय, ती दिवसभर उंबऱ्यावर बसून आल्यागेल्याची खबर घेते. "नवऱ्याला बायको साक्षी, बायकोला नवरा साक्षी," म्हणायची, "ओतिक्यातक्क बेलीगूट साक्षी." सरड्याला साक्षी कोण, तर कुंपणाचा खुंटा, असा त्या कानडी म्हणीचा अर्थ. एकमेकांची री ओढणाऱ्यांना आमच्याकडं असं म्हणतात. म्या तिला म्हणायची, "खुंटा असू दे, न्हायतर दगड असू दे, साक्षी हाय ना माझ्याकडं." तोंड लई चालायचं तवा माझं.

अडीच वर्षांमागं भाद्रपदात मालकांच्या छातीत कळ आली. गाडी बघेपर्यंत, उमरग्याचा रस्ता धरेपर्यंत, सगळं आटपलं. आमच्या चालीप्रमाणं त्यांना बसवून समाधी दिली, शेताच्या बांधापाशी. माणसं आली, माणसं गेली. महेश्वरी पंधरा दिवस राहिली आणि तिचीबी गाडी आली.

त्यानंतरच्या सोमवारी घर खायला उठलं. ताट एक, तांब्या एक, आणि म्हैस मालकांच्या हाकेची वाट बघत दाराकडं तोंड करून उभी. म्या छत्री घेतली आणि वाळवंटात गेले. दोरी बांधली. उजवीकडं बघत दोनशे पावलं चालले. पाच सरडे. तिथनं माघारी वळले, आणि वळल्यावर मालकांची बाजू आपोआप माझ्या उजव्या हाताला आली. म्हणलं, आता ही बाजूबी आपणच बघावी. बघत आले. चार निघाले. पहिल्या फेरीला माझ्या पायांच्या आवाजानं निम्मे आधीच पळाले होते, ते कुठनं दिसणार? पण तवा हे माझ्या ध्यानात आलं न्हाय.

करंजाखाली कागद भरायला बसले. डावीकडं चार. उजवीकडं पाच. माझी सही. आणि मग तो रकाना आला. दुसऱ्या निरीक्षकाची सही. खाली छापलेलंच होतं, रिकामा ठेवू नये म्हणून.

त्या रकान्याकडं बघत किती येळ बसले, मला ठाऊक न्हाय. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या सह्या पकडल्या, तिला हे कळत नव्हतं असं न्हाय. पण रिकामा रकाना बघवेना. म्या मोठा 'सि' काढला आणि बाकीची अक्षरं कोपऱ्यात बसवली. हुबेहूब आली. फोटो काढून मालकांच्या फोनवरनंच पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं, 'मिळालं. काका-काकूंना नमस्कार.'

मग म्या रडले. मालक गेल्यावर पहिल्यांदा मन भरून रडले. सगळ्या गावाला ठाऊक होतं मालक न्हाईत, पोरीला, म्हशीला, महादेवाला ठाऊक होतं. पण पुण्यात ते होते. पुण्यात कुणीतरी त्यांना दर सोमवारी नमस्कार करत होतं. तेवढी एक जागा कशी मोडायची? पुढच्या सोमवारीबी म्या मोठा 'सि' काढला. त्याच्या पुढच्याबी. अडीच वर्षं झाली.

आता यंदाच्या वैशाखात, शनिवारी, मालकांच्या फोनवर दिग्विजयचा मेसेज. 'काका, सोमवारी येतोय. आपल्या पट्ट्यात काहीतरी गंभीर घडलंय. चार वर्षांचे आकडे आत्ता एकत्र मांडले, तर डाव्या बाजूचे सरडे अडीच वर्षांपूर्वी अचानक निम्म्याहून कमी झालेत. उजवीकडे मात्र काही फरक नाही. कारण शोधायचं आहे. तुम्ही दोघं असालच.'

दोनदा वाचलं. रविवार कसा गेला, मलाच ठाऊक. एकदा वाटलं, फोन करून सांगावं. नंबरसुद्धा काढला. पण सांगायचं काय? अडीच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची बातमी आज कशी द्यायची? फोन बाजूला ठेवला आणि खामखा म्हशीवर ओरडले.

सोमवारी आठाला दिग्विजय मोटरसायकलवरनं आला. पोरगा आता बाप्या झालाय, दाढी आलीय, चष्मा लागलाय. पाया पडला. मग घरात डोकावून म्हणाला, "काका कुठे आहेत?"

"उमरग्याला गेलेत," म्या म्हणलं. "दवाखान्यात."

तोंडातनं आलं ते असं. एका अर्थी खोटंबी नव्हतं, उमरग्याच्या दवाखान्यालाच निघाले होते ते. रुद्रम्मा शेजारच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा ती गप बसली.

वाळवंटात आल्यावर दिग्विजयनं डावी बाजू बघायला सुरवात केली. वाकून वाकून बघत होता. थोड्या येळानं लेंड्या सापडल्या, खुरांच्या खुणा सापडल्या. त्याचा चेहरा उजळला. "काकू, इथे मेंढरं येतात?"

तेवढ्यात दगडोबाच आला, मेंढरं घेऊन. आमच्या गावचा धनगर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याची चारीच्या चारी लेकरं माझ्या काट्यावर बसलेली.

दिग्विजयनं त्याला विचारलं, "मामा, या बाजूला मेंढरं कधीपासून आणता?"

दगडोबानं हिशेब केला. "वरच्या माळावर ते सोलरवाल्यांचं, उन्हाच्या लाईटीचं तारकुंपण पडलं, तवापासनं. दोन, अडीच वर्षं झाली असत्याल."

"अडीच वर्षं," दिग्विजय म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. म्या बघत उभी. असं जमून आलं होतं, की मला काही सांगायचीच गरज नव्हती. कारण समोर मेंढरं घेऊन उभं होतं.

दिग्विजयनं त्याला नीट समजावलं, आवाज न चढवता. सरडे वाळूत अंडी घालतात. खुरांखाली अंडी फुटतात. म्हणून डावीकडचे सरडे कमी झालेत. मेंढरं उजव्या बाजूला जात न्हाईत म्हणून तिकडं ठीक हाय. आता दिग्विजयला तहसीलला लिहावं लागणार, ह्या वाळूत चराई बंद करावी म्हणून.

दगडोबा घाबरला. "सायब, माळ गेला. हितनं हाकलल्यावर म्या कुठं जाऊ? मेंढरं काय खांद्यावर घेऊन हिंडू?"

"मामा, मला वाईट वाटतं. पण आकडे खोटं बोलत नाहीत. सिद्धारामकाका आणि काकू दर सोमवारी मोजतात. दोघांच्या सह्या आहेत प्रत्येक कागदावर. अगदी गेल्या सोमवारच्याही."

दगडोबानं माझ्याकडं बघितलं. मालकांच्या समाधीचा खड्डा त्यानंच खणला होता. खणताना पहारीनं त्याच्या हाताला फोड आला होता, त्याला हळद म्या लावली होती. त्यानं एका शब्दानं विचारलं असतं, "सायब, कुठले सिद्धाराम?", तर तो सुटला असता. त्याला ते कळलंबी होतं, त्याच्या डोळ्यांत म्या बघितलं.

तो खाली बघून म्हणाला, "बाईंनी लिवलं असंल तर खरंच असंल. माझ्या धाकट्याचं वजन सगळ्यांनी चांगलं म्हणून टाकलं, बाईंनी कमी लिवलं, म्हणून तो वाचला. बाई कागदावर खोटं लिवत न्हाईत."

आणि त्यानं मेंढरं माघारी वळवली.

माझ्या अंगावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं. म्या म्हणलं, "दगडोबा, थांब."

तो थांबला. दिग्विजय माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं होतं, एकदा तोंड उघडलं की भडाभडा बोलेन. मला गप्प करायला गावात कुणी जन्मलं न्हाय, आणि त्या येळी जीभच उचलेना. म्हणून म्या दोरी उचलली. खुंट्या रोवल्या, दोरी ताणली, पळालेले सरडे बाहेर यायला घटकाभर जाऊ दिली, मग उजव्या अंगाला उभी राहिले आणि दिग्विजयला म्हणलं, "तुमी डावीकडनं चला."

"काकू, आधी..."

"चला म्हणते ना."

तो दोरीच्या डाव्या अंगाला आला. आमी चालायला लागलो. एका पावलाला एक श्वास. शेजारी दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. अडीच वर्षांनी. म्या मान वळवली न्हाय, वळवायची नसतेच, पण दोनशे पावलं मला शेजारी कोण हाय ते ठाऊक असून ठाऊक नव्हतं. मोजणी मात्र चुकू दिली न्हाय. दोरी संपली तवा मला वाटलं, अजून दोनशे पावलं असती तर बरं झालं असतं.

"माझ्याकडं सहा," म्या म्हणलं. "तुमच्याकडं?"

दिग्विजय आपल्याच बोटांकडं बघत होता. "अकरा. काकू, हे कसं शक्य आहे? गेल्या सोमवारी चार होते. अकरा म्हणजे अगदी पहिल्यासारखेच आहेत."

"हायेत की," म्या म्हणलं. "सरडे हायेत तिथंच. त्या बाजूला बघणारा गेला."

त्याला कळायला येळ लागला. दगडोबानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं, तवा त्याला कळलं. तो वाळूत बसला.

"कधी?" त्यानं विचारलं.

"अडीच वर्षं झाली. भाद्रपदात."

मग सगळं सांगितलं. जाताना एक बाजू, येताना दुसरी. मोठा 'सि'. पुण्यासनं येणारा नमस्कार. हातचं काही राखलं न्हाय. म्हणलं, "त्या अडीच वर्षांतल्या दुसऱ्या सह्या माझ्या हायेत. आज काका दवाखान्यात गेलेत असं म्या म्हणलं, तेबी खोटं. दगडोबाच्या मेंढरांनी काही केलं न्हाय. तुमच्या वहीतलं ते खोडा."

त्यानं माझ्यासमोर खोडलं. आमच्या पुढं दहा हातांवर एक नर गळा फुगवून बसला होता, त्याच्याकडं बघत राहिला.

"तुमचा राग यायला हवा मला," शेवटी म्हणाला.

"मग येऊ द्या की. म्या तुमच्या जागी असते तर फाडून खाल्लं असतं."

"दर सोमवारी मेसेज केला, काकू. एकदाही फोन केला नाही. तीन मिनिटांचा फोन केला असता तर कळलं असतं." त्यानं चष्मा पुसला. "पण कागद काढावे लागतील. अडीच वर्षांचे सगळे. एकट्याच्या मोजणीचा तक्ता वेगळा असतो, त्यात टाकीन. मुख्य मोजणीत काका होते तेवढेच कागद राहतील."

"तेवढेच राहू द्या," म्या म्हणलं. "ते खरे हायेत."

त्या दिवशीच्या कागदावर दुसरा निरीक्षक म्हणून त्यानं सही केली, बारीक, सरळ रेषेत. दगडोबानं मेंढरं डावीकडं चरायला सोडली. जाण्याआधी दिग्विजय मालकांच्या समाधीवर जाऊन आला. घरी आल्यावर म्या पोहे केले, त्यानं दोनदा मागून घेतले. निघताना एकट्याच्या मोजणीचे कोरे कागद देऊन गेला. पुण्यासनं कोण दर सोमवारी येणार? तो येणार म्हणाला न्हाय, आणि म्याबी विचारलं न्हाय.

रात्री रुद्रम्मा भिंतीपलीकडनं म्हणाली, "जगक्का, सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं केलंस," ती म्हणाली. म्हण काही म्हणाली न्हाय.

पुढचा सोमवार आला. महादेवाला पाणी घातलं. वाळवंटात गेले, दोरी बांधली, उजवीकडं बघत गेले आणि माघारी येताना डावीकडचं बघत आले. उजवीकडं सहा. डावीकडं पाच. जे पळाले ते पळाले, त्यांची नोंद माझ्याकडं न्हाय. करंजाखाली नवा कागद काढला. ह्या कागदावरबी तो रकाना होताच, छापणाऱ्यांनी काढला नव्हता. दुसरा निरीक्षक.

बोटांना त्या 'सि'ची सवय झाली होती. पेन टेकवला आणि हात आपोआप वळायला लागला. तो म्या थांबवला.

रिकामा ठेवायचा न्हाय. रिकामं म्हंजे कुणी गेलंच न्हाय. म्या तर गेले होते. दोनशे पावलं गेले, दोनशे पावलं आले, त्यांच्या बाजूला नीट बघितलं. ते तिथं नव्हते.

म्या शून्य लिहिलं. गोल, ठसठशीत, रजिस्टरात काढायची तसं. फोटो काढला, पाठवला, आणि म्हशीला पाण्यावर नेलं.

दिवे लागायच्या येळेला फोन वाजला. आता मला वाचून दाखवणारं कुणी न्हाय, म्हणून चष्मा लावून म्याच वाचलं.

'मिळालं. काकूंना नमस्कार.'